नदीपलीकडचा चंद्र

चंद्राची जमीन आमच्या भातगिरणीच्या मागून बैलगाडीत भरून गेली. गिरणीमागे तुसाचा ढीग असायचा आणि तो आतून कायम धुमसत असायचा. त्याची राख वरून काळी, आत करडी आणि हात घातला तर कोपरापर्यंत जाईल इतकी भुसभुशीत. भांडी घासायला बायका ती टोपलीभर मागून नेत. हायस्कूलच्या मुलींनी गाडीभर मागितली तेव्हा बाबा म्हणाले, "चंद्रावर भांडी फार दिसतात."

१९६५च्या त्या डिसेंबरात मी पाचगणीची शाळा संपवून पोलादपूरला आले होते. लहानपणापासून मी बोर्डिंगात होते. सुट्टीत घाट उतरून यायचं, गावाची सवय होते न होते तोच पुन्हा घाट चढायचा. शाळेत बोलणं इंग्रजीत, तेही कोणी विचारलं तर. घरी मराठी डोक्यात नीट यायची, पण ओठांपर्यंत पोचेस्तोवर समोरचं माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेलं असायचं. बाजारातल्या बायका माझ्यादेखत आईला विचारत, "ही बोलत नाय काय गो?"

"बोलते की," आई म्हणायची, "मनात."

मला पुण्याला जाऊन सायन्स शिकायचं होतं. मी हे आईला सांगितलं आणि तिनं बाबांना. त्याच सुमारास महाडचं एक स्थळ येऊन गेलं. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या, त्यांनी नाव विचारलं. ते मी सांगितलं की नाही, मला आजही आठवत नाही. पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडेना. पुण्याला प्रोफेसर वर्गात उभी करतील तेव्हा काय करशील, भिंतीत शिरशील?"

ते चिडून बोलले नव्हते. चिडले असते तर मला राग तरी धरता आला असता. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती आणि ती खोटी नव्हती.

मग एके सकाळी हायस्कूलचे हेडमास्तर गिरणीवर आले. जानेवारीत शाळेचं संमेलन होतं, सोबत विज्ञानाचं प्रदर्शन. "चंद्रावर यंत्र उतरवायच्या खटपटी चालल्यायत," ते बाबांना सांगत होते. "मुलींना तेच करायचंय. पण मराठीत दोन ओळींपलीकडे माहिती मिळत नाही. तुमच्या मुलीला इंग्रजी येतं."

"इंग्रजी येतं," बाबा म्हणाले. "बोलणं येत नाही." मी दाराआड आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान न वळवता आवाज चढवला. "ऐकतेस ना? गावासमोर उभी राहून हे यंत्र समजावून सांग. सांगितलंस तर जूनमध्ये मी स्वतः तुला पुण्याला पोचवीन. नाही जमलं, तर महाडला निरोप धाडू."

हेडमास्तर चहा पिता पिता थांबले. मी दाराआडून "हो" म्हटलं. ते दोघांनाही ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सिस्टर घाटातल्या बसच्या कंडक्टरबरोबर मला जुनी इंग्रजी मासिकं पाठवत. त्यातल्या एका अंकात या चंद्रयंत्रांच्या आखणीवर लांबलचक लेख होता. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माजघरात तांदूळ निवडत बसले होते. सूप तसंच राहिलं. तिकडची, परदेशातली माणसं अजून न घडलेल्या गोष्टीचा क्षणाक्षणाचा विचार करत होती. यंत्र किती वेगानं पडेल, कधी त्याला आवरायचं, पाय कसे असावेत. आधी गेलेली काही यंत्रं आदळून फुटली होती. आणि सगळ्यात मोठा प्रश्न असा, की चंद्राची जमीन वजन धरेल का? एक विद्वान म्हणत होता, तिथं इतकी खोल धूळ आहे की यंत्र उतरल्या उतरल्या बुडेल. दुसरा म्हणत होता, दगड आहे.

खरं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत मला पडलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेलं असायचं. जगातल्या एकाही माणसाला उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न मी प्रथमच पाहत होते. आणि त्या प्रश्नाचं तोंड रोज संध्याकाळी आमच्या परसातून दिसत होतं.

नववी-दहावीच्या पाच मुली माझ्याकडे आल्या. त्या मला ताई म्हणत, आपापसांत 'पाचगणीची' म्हणत. मी त्यांना चंद्राचा फोटो दाखवला आणि विचारलं, यान कुठं उतरवायचं? मी काळसर सपाट भागावर बोट ठेवलं होतं. एवढी मोठी मोकळी सपाटी असताना विचारायचं तरी काय!

"सपाटीवर नको, ताई," एक बुटकी मुलगी म्हणाली. ती नदीपलीकडच्या वाडीतली होती. "तिथं रुतंल."

"का?"

"खाचरात उतरंल ना ते. पाणी धरलेलं असंल. उताराला उतरवू, वरकस जागेत."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खाली भाताची खाचरं आणि वर नाचणी-वरीचे उतार, अशीच जमीन त्यांनी जन्मापासून पाहिली होती.

"चंद्रावर पाणी नाही," मी म्हणाले.

"आता नसंल. पावसात?"

"पाऊस पडत नाही तिथं."

"औंदा नाय पडला?"

"कधीच नाही."

पोलादपूरच्या मुलींना हे कळणं मला पाचगणीत कळण्यापेक्षा फार जड गेलं असावं. आमच्याकडे चार महिने पाऊस म्हणजे जगणं असतं. भिंती, चुलीतली लाकडं, देवाची वस्त्रं, सगळं ओलं. पाचांतली एक अगदी हळू म्हणाली, "मग तिथं पायवाट एकदा पडली की तशीच राहील." लेखात हे नव्हतं. अंगावर काटा आला तो मी शालीखाली लपवला.

सपाटी धोक्याची हे मात्र लेखातही होतं, पाण्यामुळे नव्हे तर धुळीमुळे. तेव्हा आमचा वाद बरोबरीत सुटला. ठरलं असं, की सपाटीवरच उतरायचं, पण प्रत्येक पावलाला आधी पाय ठेवून बघायचं, धरतं की रुततं.

यंत्र कशाचं करायचं? पत्रा, चाकं, दोऱ्या, सगळं बोलून झालं. मग बुटकीच म्हणाली, "मी होते यंत्र. इरलं घालते वरून." इरलं म्हणजे पावसात शेतात वापरतात ती बांबू आणि पानांची पाठ झाकणारी ढाल. ते डोक्यावरून पुढं ओढून ती ओणवी झाली आणि खरोखरच चंद्रावरचा किडा दिसू लागली. तिला फक्त स्वतःचे पाय दिसत होते.

"पण यंत्राला स्वतःची अक्कल नसते हां," मी बजावलं. "जेवढं सांगू तेवढंच करायचं."

"म्हंजे नव्या नवरीवाणी," इरल्यातून आवाज आला.

"नवरी मनात तरी शिव्या देते गो!" त्यांच्यातली एक उंच मुलगी म्हणाली आणि सगळ्या लोळून हसल्या. मी हसले नाही. मला महाडचा निरोप आठवला.

चंद्र आधी शाळेच्या पटांगणातच करायचा होता. तो नदीपलीकडे गेला त्याचं कारण बुटकीची आई. संध्याकाळी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलेल्या असायचो आणि समोरच्या उतारावरून ती लेकीला हाक मारायची. या हाकांची आमच्याकडे रीत आहे. आधी नुसता लांब सूर टाकायचा. मग थांबायचं. पलीकडून "ओ" आली की मगच कामाचा शब्द, एका दमाला एकच. पलीकडचं माणूस तो शब्द तसाच परत म्हणतं, म्हणजे पोचला हे कळतं. आणि कोणाची हाक नदीवर असली, की तिची ओ येईस्तोवर अलीकडच्या काठावर कोणी बोलत नाही. भांडणारे असले तरी भांडण थांबवतात. दोन आवाज मध्ये आपटले तर दोन्ही फुटतात, असं म्हणतात.

त्या संध्याकाळी मी त्या बाईकडे बघत होते. तिनं हात तोंडाशी नेलेला दिसला. आवाज नाही. मग आवाज आला. मधल्या त्या रिकाम्या जागेत मी काहीतरी विसरल्यासारखी उभी राहिले. हेडमास्तरांना विचारलं, समोरचा उतार किती लांब? ते म्हणाले, पाव मैलाहून जरा जास्त. मी पाटीवर भागाकार केला. आवाजाला पलीकडे जायला सुमारे सव्वा सेकंद लागत होता.

घरी येऊन मासिक उघडलं. पृथ्वीवरून रेडिओचा संदेश चंद्रावर पोचायला लागणारा वेळही सव्वा सेकंदच होता.

जवळजवळ अडीच लाख मैलांची ती काळी पोकळी आणि आमची सावित्री नदी, ओलांडायला तेवढाच वेळ. हा योगायोगच होता, हे मला कळत होतं. तरी मी मासिक छातीशी धरून परसात गेले. चंद्राची कोर डोंगरावर होती. प्रथमच मला तो दूर वाटला नाही. तो पलीकडच्या काठावर होता, फक्त हाकेला वेळ लागत होता. आणि त्या लेखात लिहिलं होतं, की यंत्राला हुकूम धाडला की ते आधी तोच परत पाठवतं, मग पुढचं. म्हणजे तिकडच्यांनाही थांबायची रीत पाळावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना एवढंच म्हणाले, "चंद्र पलीकडे करायचा." कारण सांगताना माझा आवाज दोनदा अडकला, पण त्यांना कळलं. उंच मुलीचा आवाज मोठा, म्हणून ती पृथ्वी झाली. हुकूम मोजकेच ठरवले: पुढं, डावी, उजवी, ठेव. डावी म्हणजे यंत्राची डावी, आपली नव्हे, हे दहादा घोकलं. मी काठावर उभी राहून लोकांना समजावून सांगणार होते.

राख गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि त्याच उतारावरच्या एका मोकळ्या सपाटीवर पसरली. हेडमास्तरांनी एक अट घातली. "जगात कोणाला ठाऊक नाही, तर आपल्यालाही ठाऊक नको." म्हणून राखेखाली कुठं कुठं मऊ खड्डे असावेत आणि ते ना मुलींना माहीत असावेत ना मला. ते काम बाबांनी अंगावर घेतलं. गिरणीतली माणसं घेऊन ते स्वतः पलीकडे गेले आणि परत आल्यावर माझ्याकडे बघून मिशीत हसले.

प्रदर्शनाच्या दुपारी नदीकाठी अख्खा बाजार जमला होता. हेडमास्तरांनी माझं नाव घेतलं. मी पुढं झाले. मी सगळं पाठ केलं होतं. "चंद्रावर..." असं म्हणून मी थांबले. शब्द होते, मला ते ओळीनं दिसत होते. पण समोर दीडदोनशे डोळे होते आणि त्यातले दोन बाबांचे. मी काय बोलले ते पहिल्या रांगेतल्या हेडमास्तरांना ऐकू गेलं, त्यांनी ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. मी आणखी एक वाक्य बोलले, त्यांनी तेही सांगितलं. तिसऱ्या वाक्याला बाबांनी मान खाली घातली. मी बाजूला झाले. जून माझ्या हातून गेला, हे मला तिथंच कळलं.

उंच मुलीनं हाक टाकली. पलीकडे करड्या राखेच्या कडेला इरलं हललं. ओ आली. "पुढंऽऽ." थांबणं. "पुढंऽऽ," असं तिकडून परत आलं आणि मग पाऊल पडलं. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. "ठेवऽऽ." थांबणं. मग पलीकडून उत्तर: "धरतंऽऽय." आणखी एक पाऊल. "ठेवऽऽ."

या वेळी उत्तराला उशीर झाला. मग आलं, "मऊऽऽ!" आणि लगेच, यंत्राला न शोभणारं, "शेण हाय!"

कोणाची तरी म्हैस सकाळी चंद्रावर जाऊन आली होती. काठ हसण्यानं फुटला. उंच मुलगी पोट धरून खाली बसली, तिला शब्द फुटेना. तेवढ्यात एक म्हातारा ओरडला, "डावीकडं घे गो!" दुसरा म्हणाला, "डावीकडं नको, मागं ये!" मग सगळेच सांगू लागले. आपल्या डावीकडं की तिच्या, याचा कोणाला पत्ता नव्हता. यंत्र मात्र इमानी. ते ऐकू येईल तो प्रत्येक हुकूम पाळत होतं. इरलं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, जागच्या जागी गरगरलं. हसणं वाढलं. हेडमास्तर हात वर करून "शांत, शांत" म्हणत होते, त्यांचाही आवाज त्यात बुडत होता.

मला फक्त एवढंच दिसत होतं, की ती तिथं एकटी आहे, तिला काही दिसत नाही आणि आपण सगळे मिळून तिला फसवतो आहोत.

मी काठाच्या दगडावर चढले. हात तोंडाशी नेले आणि सूर टाकला. आईशप्पथ, तो माझा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो लांब गेला, पाण्यावरून गेला.

आणि अलीकडचा काठ गप्प झाला. माझ्याकडे बघून नव्हे; कोण हाक मारतंय हेही अर्ध्यांनी बघितलं नाही. हाक नदीवर होती, म्हणून ते थांबले. ते थांबतात हे मी महिनाभर पाहत आले होते, पण माझ्यासाठी थांबतील असं कधी मनात आलं नव्हतं. सव्वा सेकंद. तेवढ्यात पाण्याचा आवाज ऐकू आला, कोणाच्या तरी बांगड्यांचा ऐकू आला. एवढ्या माणसांचा एवढा शांत श्वास मी कधी अनुभवला नाही.

"ओऽऽऽ."

"उजवीऽऽ," मी म्हणाले. शब्द गेला. शब्द परत आला. इरलं वळलं. "पुढंऽऽ." आता कोणी हसत नव्हतं. मी तिला राखेच्या मधोमध नेत होते आणि पुढं काय आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "ठेवऽऽ." तिनं पाय अलगद ठेवला, मग दुसरा, मग सगळं वजन. मी थांबले. तो शब्द वाटेवर आहे हे मला माहीत होतं.

"धरतंऽऽय!"

काठावर आधी कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई नुसतंच म्हणाली, "धरलं गो बाय." मग टाळ्या पडल्या.

घरी येताना गिरणीच्या वळणावर बाबा म्हणाले, "शेणानंतर ती गरगरत होती ना, तेव्हा खड्डा तिच्या पुढ्यातच होता. मी ओरडणार होतो. पण तुझी हाक मध्ये होती." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "ओ येईस्तोवर कसं बोलायचं?" पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. आमचं ठरलं होतं ते समजावून सांगायचं, आणि ते मला जमलं नव्हतं. मी आठवण करून दिली नाही. महाडला निरोप गेला की नाही, हेही विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारच्या बसनं पेपर आला आणि बाबा तो घेऊन गिरणीतून थेट घरी आले. रशियाचं यंत्र चंद्रावर अलगद उतरलं होतं. फुटलं नव्हतं. रुतलं नव्हतं. मी बातमी वाचली, मग पुन्हा वाचली. जगात कोणालाच नसलेलं ते उत्तर आमच्या ओसरीवर येऊन पोचलं होतं.

"काय म्हणतंय ते?" बाबांनी विचारलं. पेपर मराठी होता, त्यांनी तो वाटेत वाचलेला होता. गिरणीतली चार माणसं त्यांच्यामागून आली होती, अंगावर कोंडा तसाच. "सांग यांना."

मी उभी राहिले. या वेळी खड्डे बाबांनी खणलेले नव्हते, खऱ्या चंद्राचे होते. आणि तिथून ओ आली होती. मी सांगायला लागले. धुळीचं, पायांचं, फुटलेल्या यंत्रांचं, सव्वा सेकंदाचं. आवाज माजघरातल्या आईपर्यंत जात होता. ती दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली आणि तरी मी थांबले नाही. मध्येच एकानं विचारलं, "आन् म्हस?" त्यावर मीसुद्धा हसले.

माणसं कामावर गेली. दिवस मावळता मावळता पूर्वेच्या डोंगरावरून चंद्र वर आला, जवळजवळ भरलेला. बाबा परसात हात मागे बांधून उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"आत्ता आहे ते तिथं?"

"आहे."

"एकटंच?"

"हो."

"हाक मारली तर ओ देतं?"

"देतं. जरा थांबावं लागतं."

ते बराच वेळ वर बघत राहिले. मीही बघत होते. इतकी वर्षं ज्याच्याकडे बघून घास भरवले, उपास सोडले, त्यावर आत्ता या क्षणी कोणाचं तरी यंत्र टेकून बसलेलं होतं आणि जमीन त्याला धरून होती. माझ्या पायाखालची जमीनही मला तेव्हा नवी वाटली.

"पुण्याला," बाबा चंद्राकडेच बघत म्हणाले, "बोर्डिंगात मच्छरदाणी घरची न्यावी लागते काय?"

मी शब्द पोचेस्तोवर थांबले. मग म्हणाले, "न्यावी लागते."